चौसष्टाव्या मिनिटाला थांबलेली कार्ट

शर्यत नव्वद मिनिटांची होती. कार्ट चौसष्टाव्या मिनिटाला हळूहळू मंदावत गेली आणि वळणाच्या अलीकडे उभी राहिली. धूर नाही, आवाज नाही, काही तुटलेलं नाही. बारा विद्यार्थ्यांनी सात महिने खपून बनवलेली गाडी होती ती. चार्जिंगही आदल्या रात्री पूर्ण झालेलं होतं.

शाळकरी मुलांच्या इलेक्ट्रिक कार्ट संघांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून हे प्रकरण मांडलं आहे. आकडे एकमेकांशी हिशेबाने जुळतील असे घेतले आहेत, म्हणजे वाचणाऱ्याला आपल्या संघात तेच गणित करून बघता येईल. वेगाच्या आकर्षणाने मुलं कार्टजवळ येतात, यात शंका नाही. पण ती अभियांत्रिकीकडे वळतात ती गाडी का थांबली हे स्वतःच्या मोजमापातून उमगतं तेव्हा. या प्रकरणात ते कसं घडलं आणि आधी सात महिने का घडलं नाही, हा खरा विषय आहे.

स्पर्धेची चौकट

अशा स्पर्धांचा सर्वांत परिचित नमुना म्हणजे ब्रिटनमधली ग्रीनपॉवर एज्युकेशन ट्रस्ट ही संस्था. तिच्या शर्यती १९९९ पासून चालू आहेत आणि तरुणांना अभियांत्रिकीकडे आणणं हाच त्यांचा जाहीर हेतू आहे. ९ ते ११, ११ ते १६ आणि १६ ते २५ असे वयोगट केलेले असतात. मोटर आणि बॅटऱ्या मोठ्या गटांतही सगळ्यांना सारख्याच, त्यामुळे जास्त पैसे असलेला संघ जास्त ताकद विकत घेऊ शकत नाही. आपल्या प्रकरणातली चौकटही याच धर्तीची आहे: ब्रश असलेली २४ व्होल्टची एक डीसी मोटर, १२ व्होल्ट ३६ अँपिअर-तासाच्या दोन सीलबंद लेड-ॲसिड बॅटऱ्या सिरीजमध्ये (एकापुढे एक जोडलेल्या), आणि नव्वद मिनिटांत जास्तीत जास्त अंतर.

नियमातली सगळ्यात मोलाची गोष्ट ही बंधनं आहेत. बॅटरी बदलता येत नाही, मोठी लावता येत नाही. हातात ऊर्जा ठरलेली आहे, ती कुठे सांडते ते शोधा, एवढाच प्रश्न उरतो. खऱ्या गाडीच्या कारखान्यातला अभियंताही हेच करतो.

गाडी

ॲल्युमिनियमच्या चौकोनी नळ्यांची चेसिस, पुढे दोन आणि मागे दोन २० इंची चाकं, मागच्या एकाच चाकाला चेनने जोर. दोन्ही बॅटऱ्या मिळून सुमारे २६ किलो, आणि चालकासह गाडी १३० किलो. मोटरवर १७ दातांचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक), चाकावर ६८ दातांचं, म्हणजे गुणोत्तर चारास एक. मोटर भाराखाली मिनिटाला १७०० फेरे फिरली तर चाक ४२५ फिरतं. चाकाचा घेर १.५४ मीटर असल्याने वेग ताशी ३९ किलोमीटरच्या आसपास येतो.

सुरक्षिततेच्या बाबतीत संघाने काही कमी ठेवलं नव्हतं: रोलबार, पाच पट्ट्यांचा बेल्ट, हेल्मेट, चालकाला आतून आणि मार्शलला बाहेरून दाबता येईल असा लाल आयसोलेटर, म्हणजे बॅटरी तोडणारा स्विच. फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात होता. हा मुद्दा ठासून सांगायला हवा. २४ व्होल्टचा शॉक बसत नाही म्हणून लोक गाफील राहतात. पण या बॅटरीच्या दोन टोकांवर पाना आडवा पडला तर शेकडो अँपिअर वाहतात आणि पाना लाल होतो. बॅटरीवर काम करताना अंगठी आणि कडं काढून ठेवायचं, पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळायची.

सात महिन्यांत काय चुकलं होतं

गाडी चांगली बनली होती, पण ती बनवली होती तीन जणांनी: हाताला वळण असलेले दोन मुलगे आणि एक उत्साही मार्गदर्शक. उरलेले दहा जण बघत होते, स्पॅनर हातात देत होते, बॉडीवर स्टिकर लावत होते. चारही मुलींकडे लोगो, पत्रव्यवहार आणि फोटो आले होते. कुणी मुद्दाम वाटणी केली नव्हती. वेळ कमी पडला की ज्याला येतं त्याच्याच हातात काम जातं, आणि ज्याला येत नाही त्याला ते कधीच येत नाही. अशा संघातला सर्वांत मोठा बिघाड हाच असतो. तो कुठल्याही मीटरवर दिसत नाही.

एक गणित मात्र संघाने मिळून केलं होतं. बॅटरीवर लिहिलंय ३६ अँपिअर-तास (किती अँपिअर आणि किती तास, यांचा गुणाकार). शर्यत दीड तासाची. ३६ भागिले १.५ म्हणजे २४ अँपिअर. सरावात शंट (प्रवाह मोजायला तारेत घातलेली अगदी कमी रोधाची पट्टी) लावून पाहिलं तर १७ दातांवर सपाट रस्त्याला बरोबर २४ अँपिअर येत होते. (शंट १०० अँपिअरला ७५ मिलिव्होल्टचा होता, म्हणून २४ अँपिअरला मल्टिमीटरवर १८ मिलिव्होल्ट दिसायला हवेत, आणि तेवढेच दिसत होते.) सगळे खूश झाले. हिशेब इतका चोख जुळला की त्यावर कुणी प्रश्न विचारला नाही, मार्गदर्शकानेही नाही.

थांबल्यानंतरचा अर्धा तास

पिटमध्ये परत आल्यावर पहिली प्रतिक्रिया अपेक्षित होती. "सर, चार्जर खराब असणार." "बॅटऱ्या जुन्या दिल्यात आपल्याला." "पुढच्या वेळी मोठी बॅटरी मागू या." नेमक्या या क्षणी मार्गदर्शकाने उत्तर दिलं की सगळं संपतं, कारण मुलांचं काम उत्तर ऐकण्यापुरतं उरतं.

इथे एक छोटी गोष्ट घडली. गाडी उभी राहून वीसेक मिनिटं झाली होती आणि ती ट्रेलरकडे ढकलत न्यायची होती. आतापर्यंत फोटो काढणाऱ्या मुलीने सहज बटण दाबलं आणि गाडी चालली. तीस-चाळीस मीटर गेली आणि पुन्हा थांबली. तिने विचारलं, "बॅटरी संपली होती ना? मग हे कुठून आलं?"

संपूर्ण प्रकरणातला सगळ्यात चांगला प्रश्न हाच होता. मार्गदर्शकाने तेवढंच म्हटलं, "मोजून बघायचं का?"

दिव्यांची चाचणी

मोजायला महाग उपकरण लागत नाही. गाडीच्या हेडलाइटचे १२ व्होल्ट ५५ वॅटचे बल्ब घेतले. एक बल्ब साधारण ४.६ अँपिअर घेतो, चार समांतर जोडले की १८ च्या थोडे वर, पाच जोडले की २३. पूर्ण चार्ज केलेली एकच बॅटरी घ्यायची, बल्ब पेटवायचे, दर पाच मिनिटांनी टोकांवरचा व्होल्टेज लिहायचा आणि १०.५ व्होल्टला थांबायचं. त्याखाली नेली तर प्लेटा खराब होतात. बल्ब भयंकर तापतात, म्हणून ते विटांवर किंवा पत्र्याच्या ट्रेमध्ये मांडायचे, प्लास्टिक किंवा लाकडावर नाही. प्रत्येक चाचणीनंतर बॅटरी त्याच दिवशी चार्जला लावायची. रिकामी ठेवलेल्या लेड-ॲसिडच्या प्लेटांवर सल्फेट कडक होतं आणि क्षमता कायमची जाते. चार्जिंगची खोली हवेशीर हवी, कारण शेवटी हायड्रोजन सुटू शकतो.

तीन चाचण्या तीन वेगळ्या जोड्यांनी केल्या. एका बल्बवर बॅटरी जवळजवळ सात तास चालली, म्हणजे सुमारे ३२ अँपिअर-तास. चार बल्बांवर ८७ मिनिटं, म्हणजे साडेसव्वीस. पाच बल्बांवर ६७ मिनिटं, म्हणजे पावणेसव्वीसच्या आत. त्याच बॅटरीतून तीन वेगळे आकडे आले आणि एकही ३६ नव्हता.

मग लेबल पुन्हा वाचलं. ३६ च्या शेजारी बारीक अक्षरांत २० तास असं लिहिलेलं होतं. म्हणजे हा आकडा बॅटरी वीस तासांत, १.८ अँपिअरने, रिकामी केली तर मिळणारा आहे. घाईने उपसलं की कमी मिळतं. प्लेटांच्या बारीक छिद्रांतलं आम्ल वापरलं जातं, बाहेरचं आम्ल आत झिरपायला वेळ लागतो, आणि तोवर व्होल्टेज कोसळतो. थोडा वेळ थांबलं की आम्ल आत पोचतं आणि बॅटरी पुन्हा थोडी चालते. ट्रेलरकडे नेताना मिळालेले तीस-चाळीस मीटर इथून आले होते. तिचं तिलाच उत्तर मिळालं.

या वागणुकीला पॉयकर्टचा नियम म्हणतात, पण नाव शेवटी सांगितलेलं बरं. आधी प्रवाह आणि मिनिटं यांचे तिन्ही बिंदू लॉग-लॉग कागदावर (ज्याच्या दोन्ही अक्षांवर लॉगॅरिथमची मापं असतात) मांडले. साध्या आलेखावर वाकडी दिसणारी रेघ तिथे सरळ झाली. उतार १.१३ आला. शाळेत लॉगॅरिथम कशासाठी शिकायचं, हा प्रश्न त्या दिवसानंतर संघात कुणी विचारला नाही. त्याच रेघेवर नव्वद मिनिटांसमोर बोट ठेवलं तर १७.५ ते १८ अँपिअर मिळतात. चोविसासमोर बोट ठेवलं तर चौसष्ट मिनिटं.

गाडी नेमकी चौसष्टाव्या मिनिटालाच थांबली होती. कागदावरच्या रेघेने हे सांगितलं तेव्हा खोलीत जी शांतता झाली, तिच्यासाठी हा सगळा खटाटोप करायचा असतो.

सहा अँपिअर कुठून आणायचे

आता प्रश्न बदलला होता. मोठी बॅटरी मिळणार नाही, २४ वरून १७.५ वर यायचं आहे. सोपा उपाय म्हणजे गिअर खाली आणणं. पण आधी फुकट जाणारं शोधायचं ठरलं, आणि इथे कामाची वाटणी नव्याने केली: सहा जोड्या, प्रत्येक जोडीकडे एक भाग आणि एक वही. जोडीत एक अनुभवी आणि एक नवखा, स्पॅनर मात्र नवख्याच्या हातात. मार्गदर्शकाने हात मागे बांधायचे आणि एकच प्रश्न विचारायचा: काय मोजलंस?

घर्षण मोजायला घसरचाचणी केली. सपाट जमिनीवर तीन मीटर अंतरावर दोन रेघा आखल्या. चालक बसवून, चेन काढून गाडी ढकलायची, दोन रेघांमधलं अंतर एका सेकंदात पार झालं की सोडून द्यायची आणि ती किती लांब जाऊन थांबते ते टेपने मोजायचं. दोन्ही दिशांना तीन-तीनदा करून सरासरी काढायची. दोनशे मीटरला एक मीटर एवढा न दिसणारा उतारही निकाल पार बिघडवतो.

पहिली सरासरी ३४ मीटर आली.

ब्रेकच्या जोडीला पुढच्या डाव्या चाकाची डिस्क पॅडला घासताना दिसली. चाक उचलून फिरवलं की सुईसारखा आवाज येत होता. कॅलिपर सैल करून, ब्रेक दाबून धरून पुन्हा आवळला. ३८ मीटर.

स्टीअरिंगच्या जोडीने पुढच्या चाकांचा टो मोजला: दोन्ही चाकांच्या रिममधलं पुढचं अंतर आणि मागचं अंतर यांतला फरक. तो २ मिलिमीटर आला, चांगलाच. ते वही मिटणार होते. पण जोडीतल्या नवख्याने विचारलं की गाडी कधी रिकामी धावते का. चालक बसवून मोजलं तर फरक ९ मिलिमीटर! चेसिस मधोमध दबत होती, दोन्ही किंगपिन (पुढची चाकं ज्यांवर वळतात त्या खिळ्या) कलत होते आणि चाकं आत वळत होती. चाकं पूर्ण शर्यत रस्त्यावर तिरकी घासत गेली होती. टाय-रॉड (पुढच्या चाकांना जोडणारा दांडा) चालक बसलेला असतानाच जुळवला. ४४ मीटर. सराव करणारे बरेच संघ हे रिकाम्या गाडीवर मोजतात आणि टायर लवकर का झिजतात याचं नवल करत बसतात.

टायरमध्ये ४० पीएसआय हवा होती. बाजूवर कमाल ६५ छापलेलं होतं, तेवढी भरली. ५५ मीटर.

वायरिंगच्या जोडीने गाडी स्टँडवर घेतली, मागच्या चाकाला ब्रेकने भार दिला आणि प्रत्येक जोडावर मल्टिमीटरचे दोन्ही टोक लावून व्होल्टेज पाहिला. चांगल्या जोडावर काही मिलिव्होल्ट दिसतात. आयसोलेटरच्या एका लगवर (तारेच्या टोकाच्या धातूच्या कडीवर) अर्धा व्होल्ट पडत होता. २४ अँपिअरला म्हणजे १२ वॅट नुसती उष्णता. तो लग पक्कडीने चेपलेला होता, क्रिंपिंग टूलने नाही. नवा लावला. या कामात क्लॅम्प मीटर वापरायचा असेल तर तो डीसी मोजणारा आहे ना ते बघावं. फक्त एसीचा असेल तर तो शून्य दाखवतो आणि मुलं तासभर मोटरमध्ये दोष शोधत बसतात.

बॅटरीच्या जोडीने दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या चार्ज करून, काही तास ठेवून व्होल्टेज पाहिले. दोन्हींवर १२.८ च्या वर होता. म्हणजे चार्जर आणि बॅटऱ्या निर्दोष होत्या. हेही लिहून ठेवलं. दोष नाही असं सिद्ध करणं हेही काम आहे, आणि त्या जोडीला ते सांगावं लागतं. नाहीतर त्यांना वाटतं आपल्या हाती काहीच लागलं नाही.

एवढं झाल्यावर त्याच १७ दातांवर सरावात २० अँपिअर आले. आलेखावर २० समोर ७९ मिनिटं. अजून अकरा मिनिटं हवी होती. आता गिअर. १७ ऐवजी १६ दात लावले, मोटर सुमारे २ मिलिमीटर मागे सरकवली, चेनला मधोमध १० ते १२ मिलिमीटर ढील ठेवली, दोन्ही स्प्रॉकेट एका रेषेत आहेत ना ते सरळपट्टी धरून पाहिलं. प्रवाह साडेसतरावर आला. वेग ताशी सदतीस-अडतीस.

"पण आपण हळू झालो ना?" चालकाचा हा प्रश्न रास्त होता. उत्तर वहीतच होतं. ३९ च्या वेगाने चौसष्ट मिनिटं म्हणजे साडेएकेचाळीस किलोमीटर. ३७.५ च्या वेगाने नव्वद मिनिटं म्हणजे छप्पन्न. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती घनाने, म्हणून वेगात थोडं सोडलं की प्रवाहात पुष्कळ सुटतं.

पुढची शर्यत

चालकासमोर अँपिअर-तास मोजणारा छोटा मीटर लावला आणि पिटमध्ये एक तक्ता: १५ मिनिटांना ४.४, ३० ला ८.८, ४५ ला १३.१, ६० ला १७.५, ७५ ला २१.९, शेवटी २६.२. पुढे गेला की फळीवर बाण खाली, मागे राहिला की वर. फळी धरायची जबाबदारी त्या फोटोवाल्या मुलीने मागून घेतली. चालकांना सांगितलं होतं की वळणाआधी ब्रेक मारू नका, आधीच प्रवाह सोडा आणि घरंगळत वळा. थांबून पुन्हा सुटताना मोटर काही क्षण तिच्या नेहमीच्या कित्येक पट प्रवाह घेते, आणि तो तक्त्यात लगेच दिसतो.

गाडी नव्वद मिनिटं धावली. शेवटची सहा-सात मिनिटं वेग स्पष्ट पडला होता आणि भाराखाली दोन्ही बॅटऱ्या मिळून व्होल्टेज २१ च्या जरा वर होता. म्हणजे मोजमाप बरोबर होतं आणि शिल्लक काही नव्हती. गार दिवस असता तर पुरलं नसतं. लेड-ॲसिडची क्षमता २५ अंशांखाली दर अंशाला साधारण एक टक्क्याने घटते. म्हणून शर्यतीआधी बॅटऱ्या उबदार खोलीत ठेवायच्या आणि थंडीत १५ दातांचं स्प्रॉकेट जवळ बाळगायचं, असं वहीत लिहिलं गेलं.

अभियंता कधी बोलवावा

बहुतेक शाळा पाहुण्या अभियंत्याला उद्घाटनाला बोलावतात. तेव्हा मुलांकडे विचारायला काही नसतं आणि पाहुण्यांकडे सांगायला फक्त कारकीर्द असते. इथे बॅटरीच्या चाचण्या करणारी एक अभियंता आणि एक अनुभवी टूलमेकर बल्बांच्या चाचणीनंतरच्या आठवड्यात आले. मुलांनी आलेख पुढे ठेवला. ती म्हणाली, आम्ही हेच करतो, फक्त बल्बांऐवजी इलेक्ट्रॉनिक लोड असतो आणि खोलीचं तापमान बांधलेलं असतं. टूलमेकरने चेपलेला लग हातात घेऊन तो कसा ओळखायचा ते दाखवलं. दोघांनीही व्यवसायाविषयी भाषण केलं नाही. शाळा सुटल्यावर पाचसहा मुलं त्यांच्याभोवती उभी होती आणि विचारत होती की या कामासाठी काय शिकावं लागतं, डिप्लोमा चालतो का, गणितात किती लागतं, मुली हे काम करतात का.

कार्ट सगळं करू शकत नाही. ज्याचं गणित कच्चं आहे त्याचं ते कार्टमुळे पक्कं होत नाही. त्याला पुढे विषय निवडताना कुणीतरी शेजारी बसून मदत करावीच लागते. म्हणून हंगामाची वेळ ठरवताना विषयनिवडीची तारीख बघावी. शर्यत त्यानंतर झाली तर मुलाने निवडलेलं बदलता येत नाही.

दुसऱ्या वर्षी नवे विद्यार्थी आले तेव्हा त्यांना गाडी सुटी करून दिली नाही. जुन्या मुलांनी तिच्यात एक दोष मुद्दाम ठेवला: एका टायरमध्ये हवा कमी, किंवा टो पाच मिलिमीटरने बिघडवलेला. ब्रेक, बेल्ट, फ्यूज आणि आयसोलेटर यांना मात्र कधीही हात लावायचा नाही, हा त्यांचाच नियम. सोबत टेप, मल्टिमीटर, कोरी वही दिली आणि जमिनीवरच्या त्या दोन रेघा दाखवल्या. चालक बसवून ढकला, असं मात्र सांगितलं नाही.